मागच्या पायातला काटा

"थांबा," बाई म्हणाल्या आणि माझ्या ट्रेमधला चिमटा त्यांनी उचलला.

मी शेवटचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं. टेबलावर त्यांचा कुत्रा पोटावर पसरला होता. पुढचे दोन पाय ताठ, छाती वर उचललेली, आणि कमरेपासून मागचं अंग ओल्या पोत्यासारखं एका बाजूला कललेलं. तपकिरी रंगाचा, लांब अंगाचा, आखूड पायांचा डॅशुंड. नाव डॅनी, वय सात. दोन दिवसांपूर्वी दिवाणावरून उडी मारताना केकाटला, संध्याकाळपर्यंत मागचे पाय फरफटायला लागला, आणि आता ते पाय त्याचे राहिलेच नव्हते.

"पाठीच्या मणक्यातली गादी सरकलीय," माझं त्यांना सांगून झालं होतं. "मज्जारज्जू दाबला गेलाय. ऑपरेशन करतात मुंबईला, पण ते लगेच व्हायला हवं होतं. आता उशीर झालाय. उगाच हाल करण्यात अर्थ नाही."

हे सगळं मी एका दमात म्हणालो. सहा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ही वाक्यं तोंडात बसली होती.

बाई एस्तेर साळवे. वय सदुसष्ट-अडुसष्ट. अंगावर पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. एका मिशन हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्स होत्या, शेवटची दहा वर्षं हेड सिस्टर. नगरमध्ये त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि हा कुत्रा.

त्यांनी डॅनीच्या मागच्या पायाचं एक बोट चिमट्यात धरलं आणि दाबलं. पाय आखडला.

"तो नुसता झटका असतो, सिस्टर," मी म्हणालो. "पाय आपोआप ओढला जातो. मेंदूपर्यंत काही पोचत नाही."

"ते मला माहीत आहे. तुम्ही पायाकडे बघू नका. त्याच्या तोंडाकडे बघा."

त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी जोरात. डॅनीनं मान गर्रकन मागं वळवली, ओठ वर गेले, दात दिसले, आणि तो चिमट्यावर गुरगुरला.

"दुखलं त्याला," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे मणक्याचे पेशंट यायचे. झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले. ज्याला टाचणी टोचलेली कळायची, त्याची आम्ही आशा सोडत नव्हतो. माणसाचं जे आहे ते कुत्र्याचं नसतं का?"

असतं. पुस्तकात तीन ओळी होत्या त्याच्यावर. परीक्षेला मी त्या लिहिल्याही होत्या. खोल वेदना कळते की नाही ते पाहावं. कळत असेल तर सक्तीची विश्रांती देऊन वाट पाहावी. पहिल्या वर्गात पास झालो होतो.

मी सिरिंज उचलली आणि सिंकमध्ये रिकामी केली.

"तुम्ही असा कुत्रा बरा केलाय कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कुणी केलेला पाहिलाय?"

"नाही."

"मग आपण दोघंही शिकू," त्या म्हणाल्या आणि डॅनीला फळीवर घेऊन, पट्ट्यानं बांधून, रिक्षात बसल्या. फळी त्यांनी घरून आणली होती. म्हणजे कुत्र्याला संपवायला म्हणून त्या आल्याच नव्हत्या.

हे सगळं शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बोलावलं नव्हतं. स्टेशनरोडच्या मागं चर्चच्या आवारातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत हॉस्पिटलच्या भंगारातून घेतलेली लहान मुलांची लोखंडी खाट होती, चारी बाजूंना गज असलेली. बाईंनी मधोमध फळी ठोकून ती निम्मी केली होती. डॅनीला फक्त वळता येईल आणि आडवं होता येईल एवढीच जागा. खाली गोधडी, तिच्यावर हॉस्पिटलातलं रबरी मॅकिन्टॉश कापड, त्यावर जुन्या साडीची घडी.

"जागा पुरेशी लहान आहे ना?" त्यांनी विचारलं.

"याहून मोठी नको. उभं राहायचा प्रयत्न करायला नको. उडी तर नकोच. सहा आठवडे."

"बेचाळीस दिवस," त्या म्हणाल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर पेन्सिलीनं आकडे टाकलेले मला दिसले. एकपासून बेचाळीसपर्यंत.

मी सुजेचं इंजेक्शन दिलं. मग लघवी काढायची कशी ते दाखवायला गेलो. कुत्र्याला स्वतःहून होत नव्हती. पोट दोन्ही बाजूंनी हलकं दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, दिवसातून चार वेळा, नाहीतर ते तुंबतं, सडतं, आणि मग पाठ राहते बाजूला, जनावर त्यानंच जातं. माझा हात दोनदा घसरला. बाईंनी मला बाजूला केलं, बोटं पोटाखाली घातली, डोळे मिटले आणि सावकाश दाबलं. धार सुरू झाली.

"छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तुम्ही औषधाचं बघा. हे माझं."

त्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत. पहिले काही दिवस इंजेक्शनं होती म्हणून, पण ती संपल्यावरही गेलो. कूस बदलून द्यायची, कमरेच्या हाडावर जखम होतेय का ते पाहायचं, स्पिरिट लावायचं, पावडर मारायची. आणि दर दुपारी मी चिमटा काढायचो. मागच्या डाव्या पायाचं बोट, मग उजव्या पायाचं. डॅनी मान वळवून गुरगुरायचा. मला ते ऐकायचं असायचं. ऐकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला जायचो.

"रोज कशाला छळता त्याला?" बाई एकदा म्हणाल्या. "दुखतं, हे कळलं ना आपल्याला."

"खात्री करतोय."

"कसली खात्री?"

मी चिमटा बॅगेत ठेवला.

आठव्या दिवशी उजव्या बाजूला जखम धरली. रुपयाएवढी, लाल. दर दोन तासांनी कूस बदलायला बाईंनी गजर लावलेला मी पाहिला. चार दिवसांत जखम सुकली. मीठपाण्यानं धुऊन, उघडी ठेवून, एकसारखं वळवून त्यांनी ती सुकवली. माझं मलम टेबलावर तसंच बंद राहिलं.

तेराव्या दिवशी मी आत शिरलो तर बाई खाटेजवळ खुर्ची घेऊन बसलेल्या. "शेपूट बघा," म्हणाल्या. मी जवळ गेलो. डॅनीनं मला ओळखलं होतं. शेपटीचं टोक, फक्त टोक, चादरीवर दोनदा आपटलं.

"सकाळपासून चाललंय," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बसा, चहा टाकते."

"नको. पेशंट थांबलेत."

पेशंट कुणीच थांबले नव्हते. मी बाहेर येऊन स्कूटरजवळ उभा राहिलो आणि किक मारायची कितीतरी वेळ विसरलो.

त्याच सुमारास टाकळीहून निरोप आला. टाकळी आमचं गाव, नगरपासून बावीस किलोमीटर. आबा, म्हणजे माझे वडील, तिथं एकटेच राहायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आधी मी दर रविवारी जायचो, पण त्या हिवाळ्यात जाणं तुटत गेलं होतं. दुधाच्या गाडीवरचा माणूस दवाखान्यात डोकावून म्हणाला, "तुमच्या आबांनी विचारलंय, बरा हायेस ना. दुसरं काही नाही."

"सांग, काम आहे," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी मी बाईंकडेच होतो.

एकविसाव्या दिवसापासून आम्ही त्याचे मागचे पाय हलवून द्यायला लागलो. गुडघा दुमडायचा, सरळ करायचा, सायकल मारल्यासारखं. पंधरा-पंधरा वेळा. बाई मोजायच्या. लघवी आता तो स्वतः करत होता. पाय ढकलला तर थोडा उलटा ढकलायचा. चौथ्या आठवड्यात टॉवेलची झोळी पोटाखालून घालून, कमर वर उचलून, त्याला जमिनीवर दोन मिनिटं टेकवायला सुरुवात केली. मागचे पाय फरशीवर उलटे पडायचे, पंजाची वरची बाजू खाली. बाई खाली बसून प्रत्येक वेळी ते पंजे सरळ करून ठेवायच्या. लहान मुलाला चप्पल घालावी तसं.

बत्तिसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, टॉवेलची दोन टोकं माझ्या हातात होती. बाई समोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी नुसती हाक मारली, "डॅनी." टॉवेल एकदम हलका लागला. मी खाली पाहिलं. त्यानं मागचे पाय रोवले होते. वाकडे, थरथरते, एकमेकांत अडकणारे. पण वजन त्यांच्यावर होतं. मी टॉवेल सोडला. तो एक पाऊल गेला. दुसरं. तिसऱ्याला ढुंगण एका बाजूला झुकलं, त्यानं सावरलं, आणि चौथ्या पावलाला तो बाईंच्या मांडीत जाऊन पडला.

बाई हसत होत्या आणि रडत होत्या. "परमेश्वरा," त्या म्हणत होत्या, "परमेश्वरा, बघ रे बाबा." डॅनी त्यांची हनुवटी चाटत होता.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. तोंडावर हात दाबून धरला.

थोड्या वेळानं बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॅनीला उचलून, पाठ आडवी धरून, त्यांनी आधी खाटेत ठेवला. मग पदरानं डोळे पुसले.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी महिनाभर विचारणार होते. कुत्रा माझा. आनंद मला झाला पाहिजे, तो मला झाला. पण तुम्हाला त्याचं प्रत्येक बरं होणं जड जातंय. शेपूट हललं तेव्हा तुम्ही पळून गेलात. आज तर तुमच्याकडे बघवत नाही. हे कुणासाठी चाललंय तुमचं?"

मी सांगायचं ठरवलं नव्हतं. पण सांगितलं.

आबांकडे एक कुत्रा होता. टिल्या. कुठल्या तरी पॉमेरियनची आणि गावातल्या कुत्रीची पैदास. बुटका, झुपकेदार शेपटीचा, कान पडलेले. मीच दिला होता त्यांना, आई गेल्यावर दोन महिन्यांनी, पिशवीत घालून. आबा कुत्र्यांच्या नादातले नव्हते. पहिल्या दिवशी म्हणाले, "ह्याचं काय करू मी?" मग सहा महिन्यांत अशी वेळ आली की ते जेवायला बसले की टिल्या पाटाशेजारी, वावरात गेले की बांधावर, झोपले की बाजेखाली. ते त्याच्याशी बोलायचे. मी गेलो की गप्प व्हायचे आणि मी निघालो की पुन्हा बोलायला लागायचे, हे मला अंगणातून ऐकू यायचं.

डॅनी आला त्याच्या आधीच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी मित्रांबरोबर महाबळेश्वरला निघालो होतो. गाडी एका मित्राची. वाटेत गाव लागत नाही, वाकडी वाट करावी लागते. पण दिवाळीत घरी गेलो नव्हतो म्हणून म्हटलं, पाच मिनिटं डोकावू. मित्र गाडीतच बसून राहिले.

आबा ओट्यावर होते. टिल्या त्यांच्यासमोर पोत्यावर. तो मला पाहून पुढच्या दोन पायांवर सरकत आला, मागचं अंग मातीतून ओढत.

"काल धरनं असं झालंय," आबा म्हणाले. "कुठून पडला का काय, समजंना. तुला निरोप धाडनार व्हतो."

मी खाली बसलो. पाठीवरून हात फिरवला, मागचे पाय उचलून सोडून दिले. ते पडले. बाहेर मित्रांनी हॉर्न वाजवला.

"आबा, मणका गेलाय ह्याचा. हे बरं होत नसतं."

"अजाबात?"

"नाही. असाच सडत पडेल. हाल होतील."

आबांनी टिल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आठ दिस थांबून बघू का?"

"काय फायदा आहे? माझी बॅग आहे गाडीत. आत्ता करून टाकतो. त्याला कळणारसुद्धा नाही."

पुन्हा हॉर्न वाजला. मी गाडीकडे जाऊन बॅग आणली. चिमटा त्या बॅगेत होता. मी त्याला हातही लावला नाही. तो चिमटा काढायला, एक बोट दाबायला, त्याच्या तोंडाकडे बघायला किती वेळ लागला असता? आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यांवर हात ठेवला. एक मिनिट लागलं. खड्डा त्यांनी एकट्यानं खणला असणार; मी थांबलो नाही. अंधार पडायच्या आत घाट चढायचा होता.

हे सगळं मी सिस्टर साळव्यांना सांगितलं. त्या खाटेच्या गजावर हात ठेवून उभ्या होत्या.

"त्याला वेदना कळत होती की नव्हती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी पाहिलंच नाही. तेच तर."

"म्हणजे तुम्ही रोज इथं येत होता, ते डॅनीसाठी नव्हे."

"नाही."

"तो बरा झाला नसता तर तुम्हाला बरं वाटलं असतं."

त्यांनी खरं तेच ओळखलं होतं. पहिले काही दिवस, अगदी आतल्या मनातून, मी हा कुत्रा मरावा याची वाट बघत होतो. तो मेला असता तर टिल्याही मेलाच असता, असं म्हणायला मी मोकळा झालो असतो.

बाईंनी गोधडीची घडी सारखी केली. त्यांचा आवाज चढला नाही. छत्तीस वर्षं त्यांनी वॉर्ड सांभाळला होता.

"माझ्याकडून माफी पाहिजे असेल, डॉक्टर, तर ती माझ्याकडे नाही. टाकळी बावीस किलोमीटरवर आहे आणि तुमच्याकडे स्कूटर आहे. तिथं जायच्या ऐवजी तुम्ही बत्तीस दिवस माझ्या कुत्र्याच्या पायांना चिमटे लावत बसलात." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर. ते मी विसरणार नाही. पण उद्यापासून नाही आलात तरी चालेल. उरलेले दहा दिवस मी करीन."

मी बॅग उचलली. दाराशी वळून पाहिलं तेव्हा त्या कॅलेंडरवरचा बत्तीस आकडा खोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच टाकळीला गेलो.

आबा कडब्याच्या पेंढ्या रचत होते. मला पाहून हात झटकत आले. "आला व्हय? बस. गूळ-पानी आनतो."

"आबा, बसा जरा. बोलायचंय."

ते ओट्यावर बसले. मी पायरीवर. मी सिस्टर साळव्यांच्या कुत्र्याची हकिकत सांगितली. गादी सरकल्याची, चिमट्याची, मान वळवून गुरगुरल्याची, खाटेची, चार पावलांची. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा विचारलं, "लघवी हातानं काढायची?" मी हो म्हणालो. "त्या बाईला शाबास म्हनलं पायजे," म्हणाले.

मग मी म्हणालो, "आबा, टिल्याचं मी हे काहीच बघितलं नव्हतं. त्याला दुखतंय का नाही, ते बघायचं असतं. मी बघितलं नाही. मला घाई होती. कदाचित तोही बरा झाला असता."

आबा समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. त्याच्या बुंध्याशी माती जरा उंच होती आणि तिच्यावर दोन दगड. मी ते तोपर्यंत पाहिलेले नव्हते.

"दुखत व्हतं त्याला," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिशी सकाळी. फरफटत परसात गेला व्हता, तवा बाभळीचा काटा भरला त्याच्या पायात. म्या काटा वढला तर असा फिरला माझ्यावर," त्यांनी मान वळवून दाखवलं, "आन् हाताला धरलं. चावला नाय. नुसते दात टेकवले. मंग लागला चाटायला."

"कुठल्या पायात, आबा? काटा कुठल्या पायात होता?"

"मागल्या."

"नक्की?"

"मागल्याच. डाव्या."

रस्त्यानं कुणाची तरी बैलगाडी गेली. तिचं करकरणं वळणापर्यंत ऐकू आलं.

"मग सांगितलं का नाही मला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. आजही तो आठवला की लाज वाटते. त्या क्षणीसुद्धा मी दोष त्यांच्या अंगावर ढकलायला निघालो होतो. "तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो की," आबा म्हणाले. "आठ दिस थांबून बघू का, म्हनलं."

"पण काट्याचं…"

"मला काय ठाव काट्याचा तुमच्या डाक्टरकीशी काय संबंध? तू म्हनला त्याला कळनार नाय. म्या म्हनलं, आसंल. मला वाटतंय त्याला कळतंय, पर हा शिकलाय, ह्याला जास्ती ठावं. सहा वरीस साऱ्या गावाला सांगत फिरलो, पोरगं जनावराचं डाक्टर हाय म्हनून. आन् घरच्या जनावराच्या टायमाला तुझं ऐकायचं नाय?"

ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर मला काहीतरी करता आलं असतं, पाय धरता आले असते. ते एखाद्याला रस्ता समजावून द्यावा तसं बोलत होते.

"आबा, चुकलं माझं."

"व्हय," ते म्हणाले.

त्या एका शब्दापुढं ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते उठले, धोतर झटकलं आणि कडब्याकडे गेले. मी मागं जाऊन पेंढ्या उचलून द्यायला लागलो. दुपारपर्यंत आम्ही गंजी रचली. जेवलो. निघताना ते फाट्यापर्यंत आले, नेहमीसारखे.

डॅनी मला पुढं दोनदा दिसला. पहिल्यांदा एप्रिलअखेर, चर्चच्या फाटकाजवळ. बाईंच्या हातात पट्टा होता आणि तो त्यांच्यापुढं चालला होता. मागचं अंग थोडं डावीकडे झुकत होतं, एक पंजा मधूनच जमिनीला घासत होता, पण चालला होता. बाईंनी मला पाहून मान हलवली. मी स्कूटर हळू केली, पण थांबवली नाही. तो आणखी पाच वर्षं जगला असं मला नंतर कुणाकडून तरी कळलं. त्या पाच वर्षांत त्यांनी त्याला माझ्या दवाखान्यात आणलं नाही.

त्यानंतर माझ्याकडे असे कुत्रे पुष्कळ आले. मी प्रत्येकाला चिमटा लावला. दुखत असेल त्याच्या मालकाला बसवून सगळं समजावलं: लहान जागा, सहा आठवडे, लघवी, कूस, जखम. काही बरे झाले, काही नाही झाले. लोक म्हणायचे, ठुबे डॉक्टर कुत्र्याच्या पाठीच्या बाबतीत फार चिवट आहेत. एका सभेत त्याबद्दल माझा सत्कारही झाला. आबांना मी ते सांगितलं नाही.

आबांनी दुसरं कुत्रं पाळलं नाही. मी दोनदा विचारलं, ते नको म्हणाले. एक गाय मात्र होती त्यांच्याकडे.

आबांपुढं चूक कबूल केली त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीला मी तीन दिवसांची सुट्टी काढून गावी गेलो होतो. मुद्दाम. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. मी गोठ्यात जाऊन पाहिलं, बाह्या वर केल्या आणि गरम पाणी मागितलं. वळून बघतो तर आबा अंगणात नव्हते. पाणी मीच तापवत ठेवलं. ते सायकल घेऊन शेजारच्या गावाला गेले होते. अर्ध्या तासानं परतले ते तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकाला, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालच्या माणसाला, मागं बसवून. पंचवीस-सव्वीसचा असेल तो. मला ओळखत होता. गोठ्याच्या दारातच घुटमळला.

"साहेब स्वतः घरी असताना मी काय…" तो आबांना म्हणाला. "साहेबांनीच बघावं ना."

आबांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"नगं," ते म्हणाले. "त्याला घाई असती."

तो अवघडून माझ्याकडे बघत राहिला. मी बाजूला झालो. त्यानं हात धुतले आणि गायीमागं बसला.

मला त्या दिवशी कुठंही जायचं नव्हतं.